बाईंनी तपासलेलं

गिरीश, ‘मुलुंड’ हा एक शब्द लिहायला मला आत्ता चार प्रयत्न करावे लागले. त्याच मुलुंडमध्ये मी पस्तीस वर्षं टायपिंग शिकवलं, क्लासच्या पाटीवर माझं नाव होतं, आणि आज माझा अंगठा एकीकडे आणि करंगळी भलतीकडे जातेय. तू असतास तर खुर्ची ओढून शेजारी बसला असतास आणि म्हणाला असतास, “थांबा बाई, पुसू नका. कुठे अडलं ते आधी बघू द्या.” तू नाहीस, म्हणून माझं मीच बघतेय.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. टेबलावर तू बनवलेला दोन तुकड्यांचा कीबोर्ड आहे, डावा तुकडा डाव्या हाताखाली, उजवा उजव्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत माझा चहाचा कप. हे पत्र मी त्याच्यावरच लिहितेय. तू म्हणशील, त्यात नवीन काय, बाई दीड महिना त्याच्यावरच लिहितायत. तेच सांगायचंय रे. मी त्याच्यावर लिहीत नव्हते.

एकदम पुढे गेले. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मलाही पळवाट राहणार नाही.

तू क्लासला आलास तेव्हा सतरा वर्षांचा होतास. घाटकोपरहून यायचास आणि वाटेत मीठमसाला लावलेला पेरू खाऊन तसाच मशीनवर बसायचास. पहिल्याच दिवशी मी तुला हात धुवायला पाठवलं होतं. नियम दोनच होते. प्रत्येकानं घरून मोठा रुमाल आणायचा आणि तो हातांवर पसरायचा, म्हणजे बटणं दिसत नाहीत आणि बोटांना आपली वाट आपण शोधावी लागते. आणि चूक झाली तर झाली. खोडायची नाही, वरून ठोकायचं नाही, पुढे जायचं. पान संपलं की लाल पेननं गोल करायचा आणि मोजायची. आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे, असं मी रोज सांगायचे. इतक्या वेळा सांगितलं की मला वाटायला लागलं, ते फक्त मुलांसाठी आहे.

सराव परीक्षेत तू दाढीच्या पात्यानं एक चूक खरवडलीस आणि वर बरोबर अक्षर मारलंस. काम इतकं सफाईदार होतं की दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मी कागद खिडकीपाशी उजेडात धरला. तेवढ्या जागी तो पातळ झाला होता. त्या खेपेला मी तुझा सरकारी परीक्षेचा फॉर्म भरू दिला नाही. तुझे वडील येऊन गेले, दारात उभे राहून म्हणाले, बाई, पोरगा आहे, एकदा सोडा. मी सोडलं नाही. तू सहा महिने घरी बसलास आणि पुढच्या खेपेला मुकाट्यानं परत आलास, रुमाल घेऊन. त्यावर आपण पुढे कधी एक शब्द बोललो नाही. तुला नोकरी लागली, लग्न झालं, मालाडच्या ऑफिसात तू साहेब झालास, केस पिकले, तरी दर दोन महिन्यांनी माझ्याकडे चक्कर असायची आणि तो विषय आपण दोघंही टाळायचो.

गेल्या वर्षी तू माझ्या मनगटावरचा पट्टा बघितलास. डॉक्टर म्हणाले होते, नस दबलीय, हात आत वळवून इतकी वर्षं काम केलंत त्याचं हे. तू माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढलीस आणि माझे खांदे मोजलेस. मी म्हटलं, ब्लाऊज शिवतोयस का? तू म्हणालास, “बाई, कीबोर्ड मधोमध कापला तर हात सरळ राहतात.” महिन्याभरानं हे दोन तुकडे घेऊन आलास. बेचाळीस बटणं फक्त. साध्या कीबोर्डवर शंभराच्या वर असतात, मी एकेकावर बोट ठेवून मोजून दाखवली तुला. आणि प्रत्येक बटणाचं काम बदलता येतं, असं तू इतक्या कौतुकानं सांगितलंस की मला हसू आलं.

मग तुझ्या पोटातली गोष्ट बाहेर आली. मनीषा, तुझी बायको, घाटकोपरला सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना दुपारी तीन ते पाच कॉम्प्युटर शिकवते. तिच्या नव्या बॅचच्या दहा जणींसाठी तुला असे दहा कीबोर्ड स्वतःच्या हातानं बनवायचे होते. “ज्यांनी कधी टायपिंग केलंच नाही त्यांना मोडायला सवयच नाही. पहिल्या दिवसापासून हे दिलं तर त्यांचे हात तुमच्यासारखे नाही होणार.” मी फटकन म्हटलं, माझ्या हातांना काय धाड भरलीय? तू पट्ट्याकडे बघितलंस आणि बशीतलं बिस्कीट उचललंस.

तुला माझ्याकडून हवं होतं ते एवढंच: कुठलं बटण कुठे ठेवलं तर नवशिकी बाई घाबरणार नाही. “हजारो नवशिके बघितलेत तुम्ही. मी फक्त तारा जोडतो.” बरं वाटलं रे मला. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. भाची फोन करायची ती सुद्धा गोळ्या घेतल्या का एवढंच विचारायला.

काय मजा आली त्या रविवारांना. मराठी कीबोर्डात काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे तो आधीच दोन हातांत वाटलेला, कापायला सोपा. पण अक्षरं जास्त आणि बटणं कमी. उरलेल्यांसाठी तू लेयर काढलेस. अंगठ्यानं एक बटण धरून ठेवलं की बाकीच्यांचं काम बदलतं. मी म्हटलं, लेयर नको, मजला म्हण. बायकांना मजला कळतो. तळमजल्याला अक्षरं, पहिल्या मजल्याला आकडे. तू हौसेनं चार मजले चढवले होतेस, त्यातले दोन मी पाडले. कोणाला वर पाठवायचं यावरून आपण सोसायटीच्या मीटिंगसारखे भांडलो. प्रश्नचिन्ह वर गेलं तेव्हा तू म्हणालास, “बायका प्रश्न विचारणार नाहीत का?” मी म्हटलं, विचारतील की, तोंडानं. ज्या दोन बटणांवर पहिली बोटं टेकायची त्यांच्यावर तू मनीषाच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब वाळवलास, न बघता बोटाला खूण लागावी म्हणून. रुमालाखाली चालेल ना, असं विचारलंस. मी मान वळवली होती तेव्हा, डोळ्यात पाणी आलं होतं म्हणून.

भांडण झालं ते एकाच बटणावरून. बॅकस्पेस, पुसायचं बटण. तुला ते डाव्या अंगठ्याखाली हवं होतं, सगळ्यात सोप्या जागी. मला ते उजव्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात हवं होतं, करंगळी ताणल्याशिवाय पोचणार नाही असं. मी म्हटलं, पुसणं इतकं सोपं केलंस तर त्या लिहिणारच नाहीत, पुसतच बसतील. तू म्हणालास, “बाई, चाळीस वर्षांची बाई पहिल्यांदा मशीनसमोर बसते तेव्हा तिला सगळ्यात जास्त भीती असते बिघडवण्याची. परत नीट करता येतं हे तिच्या अंगठ्याला कळू द्या. मग ती बिनधास्त चुकेल.” मी ऐकलं नाही. वर तू म्हणालास, कोपरा पुसायला दिला तर तिथे राहणाऱ्या ‘ड’ला वरच्या मजल्यावर पाठवावं लागेल. मी म्हटलं, पाठव. एका अक्षरानं काय होतंय.

तू चिडलास की मालवणीवर घसरायचास. “बरा आसा तर बरा म्हणा, नाय तर नाय म्हणा, पण आधी वापरून बघा.” शेवटी असं ठरलं: माझ्या म्हणण्याप्रमाणे बटणं लावायची, मी रोज एक पान त्याच्यावर टाइप करायचं, प्रिंट काढून लाल पेननं चुका मोजायच्या, आणि दर रविवारी कागद तुला द्यायचे. “या बाबतीत तुम्हीच नवशिक्या, बाई. तुमच्यासारखी कोणी मिळणार नाही मला.”

पहिल्या दिवशी मी बसले. मिनिटाला पन्नास शब्द मारणारी बाई मी. गिरीश, त्या दिवशी माझे मिनिटाला सहा शब्द झाले. अर्ध्या तासात मी अर्धं पान लिहिलं आणि त्याच्यात लाल गोल इतके की अक्षरं शोधावी लागत होती. मला रडू आलं, तेही दुखण्याचं नाही, अपमानाचं. घरात कोणी नव्हतं तरी मी तो कागद फाडून केराच्या डब्यात खाली घातला, वर भाजीची देठं टाकली. तुझा कीबोर्ड कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. म्हटलं, उद्या बघू.

रविवार आला. तू येणार होतास. मी जुना कीबोर्ड पुढ्यात घेतला, मनगटाला पट्टा बांधला आणि सात पानं एका बैठकीत मारली. आणि पुढचं लिहिताना बोटं थांबतायत, पण लिहिते. पानं खरी वाटावीत म्हणून मी त्यांच्यात चुका घातल्या. मोजून, बेतानं. पहिल्या दिवशी जास्त, मग कमी कमी होत जाणाऱ्या, जशा क्लासात होतात. शिफ्टच्या चुका जरा सढळ हातानं घातल्या, कारण त्या सगळ्यांच्याच होतात. तू पातं वापरून एक चूक लपवली होतीस. मी लाल पेननं चुका रंगवल्या.

तू किती खूष झालास. “बघा, मला वाटलंच होतं, शिफ्ट अडतंय.” मग पुढचे दोन रविवारही तेच. तू शिफ्ट दुरुस्त करत बसलास, किती वेळ धरलं म्हणजे धरलं मानायचं ते पुन्हा पुन्हा बदलत राहिलास. शिफ्टला काही झालेलं नव्हतं. एकदा तू विचारलंस, “ड वरच्या मजल्यावर आहे तरी एकही चूक नाही?” मी म्हटलं, माझी करंगळी तयार आहे. आणि शेवटच्या रविवारी, सातव्या पानावर मी एकही चूक घातली नव्हती, कंटाळा आला होता मला. तू ते पान दोन्ही हातांत धरून उभा राहिलास. माझंच लाल पेन घेऊन खाली लिहिलंस, ‘पास ना, बाई?’ आणि माझ्यापुढे धरलंस. मी म्हटलं, बघू.

बघू. पुढच्या शुक्रवारी तू गेलास.

माझ्या विद्यार्थ्यानं माझ्याआधी जावं हे मला मुळीच पटलेलं नाही. तुझ्यावर रागावलेय मी, आणि रागावून झालं की आठवतं, तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे आणि त्याच्यावर मी उत्तर दिलेलं नाही. तुझ्यासमोर एकदा हो म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी मधलं काहीतरी म्हणाले, आणि मधलंच राहिलं.

तेराव्यानंतर मनीषाचा फोन आला. दहाही कीबोर्ड तयार आहेत म्हणाली, तू सगळ्या तारांची जोडणी पूर्ण करून खोक्यात भरून ठेवलेयस. आता फक्त बटणांच्या मांडणीची फाइल त्यांच्यात घालायची. कशी घालायची ते तू कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलंयस. “फोल्डरमध्ये बऱ्याच फाइली आहेत बाई, पण एकीचं नाव त्यांनी ‘बाईंनी तपासलेलं’ असं ठेवलंय. तीच ना? सोमवारपासून बॅच आहे.” मी म्हटलं, मला दोन दिवस दे.

त्या दिवशी मी साड्या उपसल्या. तुझे दोन तुकडे काढले, वायर जोडली आणि दीड महिन्यापूर्वी जे करायला हवं होतं ते केलं. रुमाल पसरला आणि अख्खं पान लिहिलं. एकसष्ट चुका. गोल करायला बसले तेव्हा दिसलं, त्यातल्या सत्तावीस ‘ड’च्या. डाव्या अंगठ्यानं मजला धरा, उजव्या करंगळीनं वर जा, धरलेलं सोडू नका, आणि ‘ढ’ असेल तर वर शिफ्ट. मुलुंड, मालाड, गाडी, उघडा, वडील, थोडं. काय एकेक शब्द आहेत रे, रोजचे. आणि प्रत्येक वेळी चुकलं की पुसायला करंगळी कोपऱ्यापर्यंत ताणायची, म्हणजे हात जागेवरून हलतो आणि पुढचा शब्दही चुकतो. मनीषाच्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. म्हणाल्या असत्या, आपल्याला नाही जमत, आणि घरी गेल्या असत्या. मी जसा कागद फाडून देठांखाली घातला तसंच.

काल सकाळी मी ते पान घेऊन घाटकोपरला गेले आणि मनीषाला सगळं सांगितलं. साड्यांपासून रंगवलेल्या चुकांपर्यंत. ती तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, “शेवटचे तीन रविवार होते ते, बाई. मी म्हणत होते वर्सोव्याला जाऊया, ताजे बोंबील आणूया. ते म्हणाले, बाईंच्या शिफ्टचं तेवढं उरकतो.” मी म्हटलं, मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही. तिनं डोळे पुसले. “ते नंतर बघू. आता कुठलं बटण कुठे ते सांगा. सोमवार जवळ आलाय.”

आम्ही दोघी तुझ्या लॅपटॉपपुढे बसलो. तुझ्या चिकटवलेल्या कागदावर सगळं होतं, पायरीपायरीनं, माझ्यासारखीलाही कळेल असं. पडद्यावर कीबोर्डाचं चित्र आलं. कोपऱ्यातल्या बॅकस्पेसवर टिचकी मारली आणि तिथे ‘ड’ आणून ठेवला. मग बॅकस्पेस उचलून डाव्या अंगठ्याखाली, मजल्याच्या बटणाशेजारी घातलं, तू पहिल्यापासून म्हणत होतास तिथे. एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत. मनीषानं खोक्यातल्या एका कीबोर्डात फाइल भरली, त्याचे दोन्ही तुकडे माझ्यापुढे सारले आणि म्हणाली, लिहून बघा. मी ‘मुलुंड’ लिहिलं. एका दमात आलं. मग मुद्दाम चुकले, अंगठा जरासा टेकवला आणि चूक गेली. पुन्हा चुकले, पुन्हा टेकवला. तू म्हणाला होतास तसंच होतं गिरीश. भीती वाटत नव्हती.

फाइलचं नाव बदलू या, मी म्हटलं, तिच्यावर माझं नाव नको. मनीषा म्हणाली, “राहू दे. आता तपासलंय ना.” मग आम्ही उरलेले नऊही कीबोर्ड एकेक करून जोडले आणि भरले. चहा तिनं केला, कप मी धुतले.

माझ्या घरचा कीबोर्ड मी मुद्दाम तसाच ठेवलाय, जुन्या मांडणीचा. तो मी काल घाटकोपरला नेलाच नव्हता. हे सगळं पत्र मी त्याच्यावर लिहिलंय, प्रत्येक ‘ड’ला वरच्या मजल्यावर चढून. मनगट ठणकतंय. तेवढं मला लागतं. पत्र झालं की बदलणार आहे, मी शहीद व्हायला बसलेली नाही.

ते सातवं पान आत्ता समोर आहे. ‘पास ना, बाई?’ तू सतरा वर्षांचा होतास तेव्हापेक्षा तुझं अक्षर काही सुधारलं नव्हतं. त्याच्या खाली मी लाल पेननं लिहिलं: गिरीश पास. मग पान उलटवलं, मागे माझं नाव घातलं आणि लिहिलं: नापास, सहा महिन्यांनी पुन्हा बसावे. सही केली. तुला जेवढे महिने बसवलं होतं तेवढेच, एकही कमी नाही.

घरी बसणार नाही मात्र. काल निघताना मनीषाला विचारलं, तुझ्या बॅचमध्ये अकरावी बाई चालेल का, शिकवायला नाही, शिकायला. तिनं माझ्याकडे बघितलं, तू बघायचास तसं, आधी मनगटाकडे आणि मग तोंडाकडे.

“या,” म्हणाली. “तीनच्या ठोक्याला. आणि रुमाल आपापला आणायचा.”